मार्शल आणि विधवा

आगगाडींत वेळ घालविण्याकरितां हातीं धरलेलें पुस्तक टीकेचा विषय व्हावें, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु मध्यंतरीं पेणहून रोह्यास जातांना आम्हीं एक इंग्रजी 'वेस्टर्न' कादंबरी उघडली, आणि नागोठणें येण्यापूर्वींच तिनें आम्हांस विचारांत पाडलें. तिचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. तिच्यासारख्या शेंकडों आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील एक धुळीचें गांव. तेथें छातीवर पितळी तारा लावून आलेला एक अबोल मार्शल. गांवाबाहेर लहान मुलास घेऊन राहिलेली एक विधवा. आणि तिच्या कुरणावर डोळा ठेवून बसलेला एक धनाढ्य गुरेंवाला. शेवटीं बंदुका कडाडतात, गुरेंवाला पडतो आणि मार्शल तारा काढून टेबलावर ठेवतो. (शेरीफ हा शब्द आपल्याकडेही आला, पण मुंबईच्या शेरिफाचें काम शोकसभा बोलावण्याचें! इंग्रजांनीं आपल्याला हुद्दा दिला, पिस्तूल दिलें नाहीं.)

अशा पुस्तकांस रसिकांनीं नाक मुरडावें याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. त्यांची भाषा ओबडधोबड, योगायोग ढळढळीत, आणि निसर्गवर्णनें एकमेकांवरून उतरवून घेतलेलीं. तथापि त्यांचा खरा दोष निराळाच आहे. त्यांत मेलेल्या नवऱ्यास कोणी विचारीत नाहीं. तो पहिल्या प्रकरणाच्या आधींच तापानें किंवा गोळीनें मरून गेलेला असतो, आणि नायकाची वाट मोकळी करून देणें एवढेंच त्याचें चरित्र.

या जातीचा लोकप्रिय लेखक लुई लामूर यास ही अडचण समजली होती असें दिसतें. 'द गिफ्ट ऑफ कोचीज' ही त्याची गोष्ट १९५२ सालची. तींत एड लो नांवाचा माणूस एल पासोच्या दारूच्या गुत्त्यांत एका अनोळखी माणसाच्या मदतीस धांवतो आणि मरतो. तो वांचलेला माणूस हें ऋण मनांत धरून त्याच्या बायकोच्या शोधास निघतो. पुढच्याच वर्षीं याच बीजावर 'होंडो' हा चित्रपट व कादंबरी झाली, आणि तींत नायकानेंच त्या नवऱ्यास, स्वसंरक्षणार्थ कां होईना, ठार मारलेलें असतें. होंडो मार्शल नव्हे, लष्कराचा निरोप्या. पण त्याचा पेंच कोणत्याही मार्शलास साजेल असाच आहे. जिच्याशीं लग्न करावयाचें, तिला हें सांगावयाचें कीं नाहीं? पहिल्या गोष्टींत नायक कृतज्ञता घेऊन येतो, दुसरींत अपराध घेऊन. आमच्या मतें दुसरी अधिक धीट, कारण तींत मेलेला माणूस शेवटपर्यंत त्या दोघांच्या मध्यें बसून राहतो.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या कादंबरीचा जन्मच विधवेच्या दुःखांत झाला. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालचें, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर एका वर्षाचें. पुढें १८९० पासून हरिभाऊंच्या यमूनें 'करमणुकी'च्या वाचकांस रडविलें. आणि रोह्यापासून फार दूर नसलेल्या तळ्याचे वामन मल्हार जोशी यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रिया तर वादांत कोणास हार जात नाहींत. असें असतां विधवा आणि कायद्याचा शिपाई यांची प्रेमकथा मराठींत रुजली नाहीं ती कां? रूढि आड आली हें उत्तर सोपें आहे, पण अपुरें आहे.

अमेरिकेंत १८६२ सालीं होमस्टेड कायदा झाला. त्यानें कुटुंबप्रमुखास १६० एकर जमीन मागण्याचा हक्क दिला, आणि कुटुंबप्रमुख विधवाही असूं शके. पांच वर्षें राहून ती जमीन कसली कीं मालकी तिची. (ती जमीन आधीं कोणाची होती, हें या कादंबऱ्या सहसा विचारीत नाहींत.) म्हणून त्या गोष्टींतली विधवा दारांत बंदूक घेऊन उभी राहते तेव्हां ती आपल्या दारांत उभी असते. मार्शलास ती निवडते. तो तिला उद्धरीत नाहीं. उलट आमचा १८५६ चा कायदा पाहा. एका हातानें त्यानें पुनर्विवाहाची मुभा दिली, आणि त्याच्याच दुसऱ्या कलमानें असें केलें कीं, विधवेनें लग्न केल्याबरोबर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपावा. जिला प्रेमाकरितां आधीं घर सोडावें लागतें, तिची कथा करुण होईल, अद्भुतरम्य होणार नाहीं. पूर्ण मालकी पदरांत पडावयास १९५६ चा वारसा कायदा यावा लागला.

दुसरी अडचण नायकाची. मर्दुमकीचीं स्थळें आमच्याकडे नव्हतीं असें नाहीं. अमेरिकेंतील टूमस्टोनची प्रसिद्ध चकमक १८८१ ची. त्याच्या दोन वर्षें आधीं, १८७९ च्या मे महिन्यांत, वासुदेव बळवंतांचा साथीदार दौलतराव नाईक यानें कोंकणांत उतरून पळस्पें व चिखली लुटलीं, आणि मेजर डॅनियल त्याच्या पाठीस लागला. ज्या पळस्पें फाट्यावरून आज पेणची वाट धरतात तेथलीच ही हकीकत. पाठलाग आहे, डोंगर आहे, घोडे आहेत; परंतु वाचकाचें काळीज कोणाच्या घोड्यावर बसतें? डॅनियलच्या नव्हे. १९३० सालीं चिरनेरला जंगलच्या सत्याग्रहावर गोळीबार झाला, तेव्हां अक्कादेवीच्या डोंगराखालीं कायद्याचें जें रूप दिसलें, त्याच्यावर कोणत्या मराठी लेखकानें प्रेमकथा रचावी? तारा लावलेला मार्शल गांवानेंच नेमलेला असेल तर गांवची विधवा त्याच्यावर भाळेल. आमचा फौजदार दूरच्या हुकमानें येत असे.

असें आम्ही ठरवून बसलों होतों. पण रोहें आलें आणि आम्हांस आमच्या आजोबांच्या बहिणीची आठवण झाली. आत्याआजी बाराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली. लाल आलवणांतील तिची वांकलेली मूर्ति आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. सासरचे लोक अन्नवस्त्र देईनात, म्हणून तिच्या वतीनें भावानें दावा लाविला आणि तो मिळाला. पैसे घेऊन कोर्टाचा बेलीफ घरीं आला. पुरुषांसमोर तिनें यावयाचें नाहीं, म्हणून ती माजघरांत. बेलिफानें पैसे भावाच्या हातावर ठेवण्याचें नाकारलें. ओटीवर उभें राहून त्यानें हुकमाचा कागद तिला आंत ऐकूं जाईल अशा आवाजांत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तिचें पूर्ण नांव घेऊन, आणि मग विचारलें, "बाई, पोंचले का?" पैसे उंबऱ्यावर ठेवून तो गेला.

ही गोष्ट ती आम्हां मुलांस पुनःपुन्हां सांगत असे. पैसे किती होते हें तिनें कधीं सांगितलें नाहीं. त्या माणसाचा आवाज कसा होता, तेवढें मात्र सांगे. तोंड तिनें पाहिलें नव्हतें.