ताऱ्यांच्या दर्यावरचे आरमार : एक प्रथमदर्शन

जहाजावर नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने मागच्या सुट्टीत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या हाती ठेवली. "मामा, ही आमच्याच धंद्याची गोष्ट आहे," तो म्हणाला. मुखपृष्ठावरील अंतराळयान पाहून मी ती बाजूस सारली होती. पावसाळ्यात एकदा उघडली, आणि भाच्याचे म्हणणे खरे ठरले.

डेव्हिड वेबर या अमेरिकन लेखकाच्या 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन' (१९९३) या कादंबरीपासून ऑनर हॅरिंग्टन या नौदल-अधिकारी स्त्रीची दीर्घ मालिका सुरू झाली. पुस्तक सी. एस. फॉरेस्टर यांना अर्पण केलेले आहे. फॉरेस्टर यांनी १९३७ पासून नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश आरमाराचा होरेशिओ हॉर्नब्लोअर रंगविला. दोन्ही नावांची आद्याक्षरेही एकच! वेबर आपले ऋण लपवीत नाहीत, ते अभिमानाने मिरवतात.

हे ऋण केवळ नावापुरते नाही. वेबर यांच्या यानांच्या वर आणि खाली गुरुत्वाकर्षणाचे अभेद्य पट्टे असतात. दोन्ही बाजूंस त्याहून दुबळे कवच, आणि पुढचे व मागचे तोंड उघडे. साहजिकच शत्रूकडे बाजू वळवून मारा करावा लागतो आणि त्याच्या उघड्या तोंडासमोरून आडवे जाण्याची संधी शोधावी लागते. शिडाच्या जहाजांचे जुने युद्धशास्त्र अशा रीतीने अवकाशात पुन्हा जिवंत होते. कल्पना कृत्रिम आहे, पण एकदा मान्य केली की तिचे नियम लेखक प्रामाणिकपणे पाळतो.

तरीही मला गुंतवून ठेवले ते लढाईने नव्हे. ऑनरच्या 'फिअरलेस' या लहानशा क्रूझरवरील बहुतेक तोफा काढून तिथे जवळून मारा करणारे एक नवे अस्त्र बसविलेले असते. ही एका ॲडमिरलबाईंची लाडकी योजना. सरावात ती फसते आणि शिक्षा होते ऑनरला. जिकडे कोणी जाऊ इच्छीत नाही अशा बॅसिलिस्कच्या ठाण्यावर तिची रवानगी होते. तिथला वरिष्ठ अधिकारी सारा भार तिच्यावर टाकून आपले जहाज दुरुस्तीच्या निमित्ताने घेऊन निघून जातो. खलाशी रुसलेले, दुय्यम अधिकारी मॅककीऑन मनातून जळणारा. अशा स्थितीत ही बाई काय करते? व्यापारी जहाजांची जकात-तपासणी! वर्षानुवर्षे कोणी न केलेले काम ती नेमून दिल्याप्रमाणे करू लागते. मॅककीऑनचे मन हळूहळू वळते, तो भाग पुस्तकातील सर्वांत सरस.

दोष आहेतच. ऐन पाठलागात, वाचकाचा श्वास रोखलेला असताना, लेखक अतिवेगवान प्रवासाच्या शोधाचा इतिहास पाने भरून सांगू लागतो. खलपुरुष पुरते काळेकुट्ट आहेत. जनतेला दिलेल्या भत्त्यांनी खजिना रिता झाला म्हणून हेवन हे राष्ट्र इतरांची राज्ये गिळते, हे राजकारण मला फारच सोपे वाटले.

याहून गंभीर गोष्ट मेड्युसा या ग्रहावरील मूळ रहिवाशांची. हेवनचे हस्तक त्यांना अमली पदार्थ व बंदुका पुरवून भडकावितात आणि ऑनरच्या बाजूचे सैनिक त्यांची कत्तल करतात. आपल्या जहाजावरील मृतांचे दुःख ऑनर खोलवर सोसते. तिच्या विजयाची किंमत लेखक झाकून ठेवीत नाही. या त्रिपाद जीवांसाठी मात्र त्याच्यापाशी तेवढी पाने नाहीत. ज्या किनाऱ्यावर परक्यांची आरमारे येऊन उतरली, तिथे राहणाऱ्या मला हे खटकल्यावाचून राहिले नाही. फॉरेस्टरकडून शिडे घेताना वेबर यांनी ही नजरही नकळत उचलली असावी.

त्याच वर्षी आलेल्या 'द ऑनर ऑफ द क्वीन' या दुसऱ्या भागात ऑनर धर्मनिष्ठ ग्रेसन ग्रहावर जाते. तिथे स्त्रीने गणवेश घालावा हेच कोणाला पटत नाही. त्या श्रद्धाळू माणसांना लेखकाने शेजारच्या मसाडातील धर्मांधांपासून वेगळे काढले आहे, असे भाचा सांगतो. पुढच्या खेपेस तो भाग घेऊन ये, असे त्याला कळविले आहे.