मुखपृष्ठावरून बाप गेला

नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली मराठीत आलं. मी वाचली त्या प्रतीची पानं सुटलेली होती, इतक्या हातांतून ती फिरली होती. २००३ मध्ये ते इंग्रजीत 'आउटकास्ट : अ मेमॉयर' झालं. पण अमेरिकन आवृत्तीचं नाव बघा : 'अनटचेबल्स : माय फॅमिलीज ट्रायम्फंट एस्केप फ्रॉम इंडियाज कास्ट सिस्टिम'. म्हणजे जातिव्यवस्थेतून माझ्या कुटुंबाची विजयी सुटका. बाप गेला. 'आन्' गेलं, ज्यात आपल्या बोलीचा सगळा वास होता. राहिलं काय, तर सुटका.

पुस्तकाचं नाव कोण ठरवतं हा वाद मला घालायचा नाही. पुस्तक मला आवडतं, ते बापामुळे. दामू ओझरची येसकरकी टाकून मुंबईला पळाला, ही सुटका खरीच. पण तोच दामू काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी नाशकात उभा राहतो. पळालेला माणूस परत येतो ही या पुस्तकाची ताकद आहे, आणि अमेरिकन नावात नेमकी तीच सांडली. तिकडच्या वाचकाला गोष्ट ओळखीची लागते : गरीब होता, राबला, वर गेला, संपलं.

'अमेरिकन ड्रीम' हा शब्द रुळवला जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्सनं, १९३१ च्या आपल्या पुस्तकात. निव्वळ मोटारी आन् मोठे पगार म्हणजे हे स्वप्न नव्हे, असं त्यानंच बजावलं होतं. लोकांनी बरोबर तेवढंच उचललं!

बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले १९१३ मध्ये. हा शब्द तेव्हा चलनात नव्हता. ९ मे १९१६ ला कोलंबियात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. तिकडे बसून त्यांनी इकडचा घाव उघडून पाहिला. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला जागा नाही, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन लोकांनी काढलं. हे सगळं ज्या लेखनात आहे त्याचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. गंमत अशी की त्यात अमेरिकेचा व्हिसा कुठंच नाही. वाट पाहायची आहे ती टांग्याची, पाण्याची, धर्मशाळेच्या खोलीची. आपल्याच देशात शिरायच्या परवानगीची. जयंतीच्या भाषणात 'साहेब अमेरिकेत शिकले' हे दणकून सांगतात. बडोद्यापाशी वक्त्याला घाई होते.

दुसरी अमेरिका १९७२ ची. दलित पँथरनं नाव घेतलं ते ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. जनार्दन वाघमाऱ्यांनी निग्रो साहित्य मराठीत समजावून दिलं. त्याच सालच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला, तोही अमेरिकेचाच. सरकारची अमेरिका पोत्यात होती, आपल्या कवींची अमेरिका रस्त्यावर होती. आपण तिकडचं स्वप्न घेतलं नाही, ज्यांचं स्वप्न नासवलं गेलं त्यांचा राग घेतला. हा व्यवहार पुढे उलटाही झाला : २०२० मध्ये इझाबेल विल्करसन या काळ्या लेखिकेनं अमेरिकेचं दुखणं सांगताना शब्द वापरला तो 'कास्ट'. समीक्षकांनी यावर पुरेसं लिहिलेलं नाही.

तिसरी अमेरिका आजची. वाशीम, रिसोड, मंगरूळपीरकडं सोयाबीनच्या दोन-तीन एकरांवर पोट्टे शिकवणारे बाप आहेत. त्यांच्या पोरांचं स्वप्न पगाराचं आहे, आन् त्याला मी नाक मुरडणार नाही. उपाशी माणसाला निरिच्छपणा शिकवणं हा भरल्या पोटाचा धंदा आहे. पण एका पोरानं मला विचारलं, "सर, तिकडं आडनाव सांगा लागते का?" याचं उत्तर सुटकेच्या गोष्टीत नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्यानं सिस्को कंपनीवर दावा लावला. तक्रार अशी की आयआयटीत शिकलेल्या दलित इंजिनियरची जात त्याच्याच देशाच्या, त्याच्याच कॉलेजच्या साहेबानं उघड केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली. सांगा लागते, म्हणूनच कायदा करा लागला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, ते गव्हर्नरनं त्याच वर्षी ऑक्टोबरात अडवलं. आन् सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लागली. दारच एवढं महाग झालं.

माझी तक्रार आपल्या लेखनाशी आहे. अलीकडची बरीच आत्मकथनं नोकरीच्या ऑर्डरपाशी नाहीतर विमानतळावर थांबतात. बापाचा छळ दोनशे पानं, आन् मुलाचं ऑफिस दोन पानं! छळ बापाबरोबर संपला असं वाचकाला वाटतं, आन् प्रस्थापित वाचकाला तेच हवं असतं. तो डोळे पुसतो आणि मोकळा होतो. विमान उतरल्यानंतरचं कोण लिहिणार? तिथले आपले लोक सांगतात की पाठीवर थाप मारायच्या निमित्तानं जानवं चाचपतात. डब्यात काय आहे ते विचारतात, देव कोणता ते विचारतात. हे न्यायालयाच्या कागदात आलं, इंग्रजी पेपरात आलं, मराठी आत्मकथनात मला भेटलं नाही. न्यूजर्सीत, सिएटलात बसलेल्या आपल्या पोरापोरींनी ते लिहावं, आणि 'आन्' सकट लिहावं. नाव तिथल्या प्रकाशकाला पाठवण्याआधी बापाला वाचून दाखवावं.