दुसरा खर्डा कोण वाचणार?

प्रौढांसाठी कादंबरी आणि आत्मकथन लेखनाच्या कार्यशाळा आता मराठीत नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. साहित्य संस्था, ग्रंथालये, महाविद्यालये त्या भरवतात. करोनाच्या काळात झूमवरचे वर्ग रुळले आणि परदेशातली मराठी मंडळीही त्यांत येऊ लागली. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले अधिकारी, मुले मार्गी लागल्यावर वही उघडणाऱ्या स्त्रिया, चाळिशीत आयटीच्या नोकरीतून वेळ काढणारे अशी माणसे तिथे भेटतात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे खूप असते. तरीही या वर्गांतून तयार होणारी हस्तलिखिते वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. आपण लोकांना लिहिते करतो. लिहिलेले पुन्हा कसे लिहायचे, ते शिकवत नाही.

नेहमीची कार्यशाळा दोन दिवसांची असते. दीपप्रज्वलन, तीन-चार व्याख्याने, एका नामवंत लेखकाशी गप्पा, अर्ध्या तासाचा लेखनसराव आणि शेवटी प्रमाणपत्र. यातून उमेद मिळते, आणि उमेदीची किंमत मी कमी मानत नाही. आयुष्यभर ‘आपल्याला कुठे लिहिता येतं’ म्हणणाऱ्या बाईने पहिली चार पाने लिहून सगळ्यांसमोर वाचली, तर ते मोठेच काम झाले. पण कादंबरी ही वर्षा-दोन वर्षांची मजुरी आहे. चाळिसाव्या पानावर कथानक अडते, निवेदकाचा सूर बदलतो, आवडती पात्रे निरुपयोगी ठरतात. त्या वेळी शिबिर कधीच संपलेले असते आणि लेखक एकटा पडलेला असतो.

लेखन शिकवता येते का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ना. सी. फडके यांनी १९३१मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. पुढच्या पिढ्यांना त्या तंत्राचा काच वाटला आणि तंत्र म्हणजे कृत्रिमता हे समीकरण रूढ झाले. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ किती झपाट्याने लिहिली, हे अजून कौतुकाने सांगितले जाते आणि त्यातून शिकण्याची गरजच नाही असा अर्थ काढला जातो. त्या झपाट्यामागे किती वाचन आणि भाषेचा किती विचार होता, ते मात्र विसरले जाते. तिकडे अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६मध्ये लेखन कार्यशाळेला अभ्यासक्रमाचे रूप दिले, इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७०मध्ये तोच मार्ग धरला. तिथे केंद्रस्थानी व्याख्यान नसते. विद्यार्थ्याचे हस्तलिखित सगळ्यांनी आधी वाचून आणलेले असते आणि चर्चा त्यावरच होते. प्रतिभा शिकवता येत नाही, हे मान्य. आपलेच लिखाण परक्याच्या डोळ्यांनी वाचणे मात्र शिकवता येते, आणि प्रौढ वयात ते लवकर जमते असा माझा अनुभव आहे.

मराठीत हे काम एके काळी संपादक करत. ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’च्या परंपरेत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रे लिहीत, कथा परत पाठवत, बदल सुचवत, पुन्हा वाचत. त्या कठोरपणाबद्दल तक्रारी होत्या. कोणता आवाज तिथे शिरू शकतो आणि कोणता नाही, यावर रास्त टीकाही झाली. पण हस्तलिखिताला दुसरा वाचक मिळत होता. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडले. आज मोजक्या प्रकाशनसंस्था सोडल्या तर संपादन म्हणजे मुद्रितशोधन, एवढाच अर्थ उरला आहे. पैसे भरा आणि पुस्तक घ्या, हा व्यवहार सर्रास चालतो. म्हणूनच कार्यशाळेवरची जबाबदारी वाढली आहे.

आत्मकथनाच्या बाबतीत तर आपल्याकडे शिकवण्याचे साहित्य इतके श्रीमंत आहे की बाहेर पाहण्याची गरज पडू नये. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८मध्ये ग्रंथालीने काढले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे असे दोन भाग केल्यामुळे जगलेला ‘मी’ आणि लिहिणारा ‘मी’ यांच्यातले अंतर वाचकाला सतत दिसत राहते. आत्मकथन लिहिणाऱ्याची सगळ्यात अवघड अडचण लेखकाने पहिल्या पानांतच सोडवली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःच्या फजितीकडे आणि नवऱ्याच्या लहरीपणाकडे पाहण्याची जी समतोल नजर आहे, ती प्रसंगांच्या मांडणीतून येते, कुठे थांबायचे ते लक्ष्मीबाईंना पक्के ठाऊक आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ बोलतो आणि एका बाईची आठवण समाजाचा इतिहास होते. ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये आईच्या विणकामातून पुस्तकाची वीण शोधली.

यातली कुठलीच पुस्तके कार्यशाळेतून आलेली नाहीत, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण बेबी कांबळे यांनी फलटणमध्ये दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहिले, आणि ते लिखाण उजेडात आले ते मॅक्सीन बर्नसन यांच्यासारखी अभ्यासक तिथे राहत होती, तिने त्याचे मोल ओळखले म्हणून. योग्य वाचक भेटणे हा तिथे योगायोग होता. कार्यशाळेने त्या योगायोगाची व्यवस्था करायची असते.

प्रत्यक्षात वर्गात काय सांगितले जाते? ‘मनापासून लिहा, प्रामाणिक राहा.’ परिणामी हस्तलिखित कुळाच्या मूळ गावापासून सुरू होते, शाळा, नोकरी, लग्न, बदल्या अशी स्थानके घेत निवृत्तीच्या निरोप समारंभाशी थांबते. पंचाहत्तरीला नातेवाइकांत वाटण्यासाठी असे पुस्तक छापायला हरकत नाही. घराण्याची नोंद म्हणून ते मोलाचेच आहे. पण लेखकाला अनोळखी वाचक हवा असेल तर निवड करावी लागते. त्यासाठी एक साधा अभ्यास उपयोगी पडतो. एकच प्रसंग दोनदा लिहायचा: एकदा त्या वयात जेवढे कळत होते तेवढ्यावर, आणि एकदा आज कळते त्यासह. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की आत्मकथनाचा विषय कोणता, हे लेखकाला आपोआप दिसू लागते. आजचे बहुतेक वर्ग इथवर पोचतच नाहीत.

दुसरा दुर्लक्षित प्रश्न जिवंत माणसांचा. भाऊ, सून, माजी नवरा, शेजारी यांच्याबद्दल किती लिहायचे? नाव बदलून काही माणसे लपत नाहीत, कारण गाव आणि नाते त्यांची ओळख पटवून देते. लेखनाच्या शिक्षकाने यावर मोकळेपणाने बोलायला हवे: बदला घेण्यासाठी लिहिलेला परिच्छेद वाङ्मय म्हणूनही बहुधा कच्चा असतो, कारण त्यात समोरच्या माणसाला एकच बाजू उरते.

कादंबरीच्या वर्गात अडचण वेगळी. अनेक जण नावे बदललेले आत्मचरित्र कादंबरी म्हणून आणतात. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ने ही सीमारेषा समर्थपणे ओलांडली, तेव्हा त्यात गैर काही नाही; पण ओलांडताना लेखकाला ती दिसत असली पाहिजे. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर लेखकाच्या कितीही जवळचा वाटला तरी त्याची भाषा, त्याचे टाळणे, त्याची चेष्टा ही रचलेली आहे. ‘निवेदक कोण आणि तो काय लपवतो आहे’ हा प्रश्न कादंबरीच्या वर्गात पहिल्या दिवशी यायला हवा. त्याऐवजी पात्रांच्या जन्मतारखा आणि आवडीनिवडींचे तक्ते भरून घेतले जातात. शिवाय दर महिन्याला एक प्रकरण वाचून कादंबरीचा तोल कळत नाही. कुणीतरी ती सलग, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचलीच पाहिजे.

भाषेबाबतही सावध राहायला हवे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी वळणाने लिहिणाऱ्याचे वाक्य ‘शुद्ध’ करून देणारे शिक्षक अजून आहेत. दलित आत्मकथनांनी मराठी गद्याची कक्षा रुंदावल्यानंतरही ही सवय टिकावी, हे खेदाचे आहे.

नाटकाकडे पाहिले तर फरक स्पष्ट होतो. नाट्यवाचन आणि तालमी लेखकाला दुसरा खर्डा करायला भाग पाडतात. नटाच्या तोंडात वाक्य अडखळले की ते बदलावेच लागते. मुंबईत रॉयल कोर्ट थिएटरच्या सहकार्याने झालेल्या ‘रायटर्स ब्लॉक’ उपक्रमातही संहिता टप्प्याटप्प्याने घडवण्यावर भर होता. कादंबरीकाराला तालीम नाही. त्याची तालीम म्हणजे वाचक.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. आठ-दहा जणांचा गट असावा आणि तो वर्षभर चालावा. प्रत्येकाचे संपूर्ण हस्तलिखित दोनदा वाचले जावे: एकदा पहिल्या खर्ड्यानंतर, एकदा पुनर्लेखनानंतर. वाचणाऱ्या संपादकाला त्या वाचनाचे योग्य मानधन मिळावे, कारण तीनशे पाने बारकाईने वाचणे हे भाषणापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. ज्यांना शुल्क झेपत नाही त्यांच्यासाठी संस्थांनी जागा राखाव्यात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देते. तसेच पाठबळ पुस्तकाआधीच्या पुनर्लेखनाच्या वर्षालाही मिळायला हवे.

किती जणांनी नाव नोंदवले आणि कोणते पाहुणे आले, यावरून आज कार्यशाळेचे यश मोजले जाते. त्याऐवजी वर्ष सरताना किती जणांचा दुसरा खर्डा पूर्ण झाला यावरून मोजू लागलो, तर शिकवण्याची पद्धत आपोआप बदलावी लागेल. लिहिण्याची इच्छा असलेली प्रौढ माणसे मराठीत आज मोठ्या संख्येने पुढे येत आहेत. त्यांचा पहिला खर्डा नीट वाचणारे शिक्षक तयार करणे, हेच आता संस्थांचे पहिले काम आहे.