टर्स म्हणजे आखूड नव्हे

इंग्रजी पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘टर्स’ हे विशेषण दिसलं, की आपण मनातल्या मनात ‘अल्पाक्षरी’ म्हणतो आणि पुढे जातो. पण ‘अल्पाक्षरी’त अक्षरांची मोजदाद आहे. ‘टर्स’मध्ये ती मुळात नव्हती. पुसणं, घासून लख्ख करणं अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून हा शब्द आला. (डिटर्जंट त्याच कुळातला!) सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या शब्दकोशात टर्स म्हणजे सफाईदार, नीटस, बडेजाव न करता देखणं. किती शब्दांत, याची चौकशी तिथे नाही. थोडक्यात असण्याचा अर्थ पुढे ठळक झाला. आता तर बातमीत कुणी ‘टर्स’ उत्तर दिलं म्हणजे तुटक, जवळजवळ तुसडं उत्तर दिलं.

हा तुटकपणाच हल्ली शैली म्हणून खपतो. तीन शब्द, नवी ओळ. एक शब्द, नवी ओळ. क्रियापद गायब. स्क्रीनवर छान दिसतं, पण घासायला आधी भांडं तरी हवं ना?

अरुण कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’तली (१९७६) ‘अ‍ॅन ओल्ड वुमन’ ही कविता बघा. एक म्हातारी तुमची बाही पकडते, पन्नास पैसे मागते, देऊळ दाखवते म्हणते. ते तुम्ही आधीच पाहिलेलं असतं. ती सोडत नाही. मग म्हाताऱ्या बायका कशा चिकट असतात, यावर एक शेरा येतो, अगदी पारावरच्या गप्पांतला. शब्द मोजणारा संपादक तो पहिल्यांदा उडवेल. घटना त्याने तसूभर पुढे सरकत नाही.

पण तो काढला तर कविता कोसळते. त्या शेऱ्यात कवी तुम्हाला सामील करून घेतो. तुमचा वैताग, तुमची तुच्छता तुमच्याच तोंडी देतो. म्हणून नंतर ती एकच वाक्य बोलते तेव्हा तुम्ही उघडे पडता. तडे तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांतून निघून डोंगरांना, देवळांना जातात. तडकण्याचं क्रियापदही कोलटकर पुन्हा पुन्हा वापरतात, काटकसर करत नाहीत. आभाळ खळकन कोसळतं, म्हातारी तेवढी शाबूत उभी राहते आणि शेवटी तिच्या हातातली चिल्लर उरते. ती चिल्लर म्हणजे तुम्ही.