१३० डॉलरचा सुपरमॅन

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मला सुपरमॅन बोअर वाटायचा. गोळी लागत नाही, उडता येतं, डोळ्यांतून किरण निघतात. मग गोष्टीत उरलं काय? हॉस्टेलवर आम्ही सगळे बॅटमॅनवाले.

चौथ्या वर्षी प्लेसमेंटमध्ये एकामागून एक नकार येत होते. मी खोलीबाहेर पडणं बंद केलं होतं. तेव्हा रूममेटने काही न बोलता व्हॉट्सअ‍ॅपवर कॉमिकचं एक पान पाठवलं. उंच इमारतीच्या कडेला एक मुलगी उभी आहे. मागून सुपरमॅन येतो, तिच्या डॉक्टरला खरंच उशीर झालाय हे सांगतो, धीर देतो, जवळ घेतो. बस.

हे पान 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या दहाव्या अंकातलं. लेखन ग्रँट मॉरिसन, चित्रं फ्रँक क्वाइटली. ही मालिका २००५ ते २००८ या काळात आली. पान सुटं फिरतं तेव्हा ते सुविचारासारखं वाटतं. अख्खा अंक वाचला की कळतं, सुपरमॅन स्वतः मरायला टेकलाय आणि उरलेली कामं उरकतोय. त्या धावपळीत तो एका मुलीसाठी थांबतो. तिला उचलून खाली ठेवणं त्याला सहज जमलं असतं. पण तो ताकद वापरतच नाही, बोलतो. मला सुपरमॅन कळला तो इथे.

याच अंकात तो सुपरमॅन नसलेलं एक छोटं जग तयार करतो. शेवटी त्या जगात एक माणूस कागदावर सुपरमॅनचं चित्र काढताना दिसतो. म्हणजे तो नव्हता, म्हणून माणसांनी तो बनवला.

खऱ्या जगात तो बनवला जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी. दोघे क्लीव्हलंडचे शाळासोबती. १९३२ मध्ये सीगलच्या वडिलांच्या दुकानात चोरी झाली, तेव्हा ते कोसळले आणि गेले. त्या दिवशी कुणी उडत आलं नाही. सुपरमॅनचा उगम तिथेच आहे असं सिद्ध करता येत नाही, पण मला ते विसरून वाचताही येत नाही.

१९३८ मध्ये दोघांनी सगळे हक्क १३० डॉलरला विकले. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. कंपनीने वार्षिक २०,००० डॉलर पेन्शन आणि श्रेयात नावं दिली, ती १९७५ मध्ये, जाहीर ओरड झाल्यावर.

या सुंदर अंकाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. तो चित्र काढणारा हात दाखवतो, चेक दाखवत नाही. माझ्या पहिल्या ऑफर लेटरमध्येही एक कलम होतं : नोकरीत असताना जे लिहाल ते कंपनीचं. मी न वाचताच सही केली. नोकरी मिळाली होती ना!

ते पान अजून फोनमध्ये आहे. अधूनमधून कुणाकुणाला पाठवतो. हल्ली त्याखाली चार नावं टाईप करतो : मॉरिसन, क्वाइटली, सीगल, शूस्टर.