ओढ एक की दोन? : ‘मित्राची गोष्ट’मधील बापूविषयी

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्याची ओळख एका वाक्यात करून दिली जाते : समलिंगी स्त्रीवरचे मराठी नाटक. ओळख खोटी नाही. पण तिच्यामुळे समीक्षेचा सगळा उजेड मित्रावर पडतो, आणि ज्याच्या तोंडून आपण ही गोष्ट ऐकतो तो बापू कडेला राहतो. माझ्या मते नाटकातला सर्वांत अवघड प्रश्न बापूपाशी आहे, आणि तो विचारायला आपल्याकडे धड शब्द नाही.

आपण ‘लैंगिक कल’ म्हणतो. कोणाच्या शरीराची इच्छा होते आणि कोणावर जीव जडतो, या दोन्ही गोष्टी आपण त्या एका शब्दात कोंबतो. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही ओढी एकाच दिशेच्या असतात, म्हणून दुसऱ्या नावाची गरज भासत नाही. ज्यांच्या तशा नसतात ते गप्प बसतात. आमच्या वाचनमंडळात एका बाईंनी एकदा विचारले होते, “मला आयुष्यभराची सोबत हवी होती, प्रेमही झाले होते, पण अंगाला हात लागलेला नको होता, मग ते प्रेम नव्हतेच का?” कोणालाच उत्तर देता आले नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी २००३ साली या प्रश्नाला हात घातला. त्यांची मांडणी अशी, की लैंगिक इच्छा प्रजननाच्या यंत्रणेतून येते, तर प्रेमाचा बंध तान्हे मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातल्या जिव्हाळ्याच्या यंत्रणेतून. ही दुसरी यंत्रणा मुळात स्त्री-पुरुष असा भेद पाहत नाही. म्हणून जीव एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, असे होऊ शकते. पुढच्याच वर्षी अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील १८,०००हून अधिक लोकांची पाहणी अभ्यासली. त्यातील सुमारे १ टक्का लोकांनी आपल्याला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटले नसल्याचे सांगितले होते. जोडीदारासोबत राहणारे लोक त्यांच्यातही होते.

हे हाताशी घेऊन नाटकाकडे वळू. आपण पुरुषाची होऊ शकतो का, हे मित्रा घरातल्या नोकराकडून पडताळून पाहते. ती परीक्षा केवळ शरीराची आहे. पुढे नमा भेटते आणि मित्राचे शरीर व मन एकाच ठिकाणी जाऊन थांबते. तिच्यापुरता ‘लैंगिक कल’ हा शब्द पुरतो.

बापूला तो पुरत नाही. मित्राकडून शरीराचे दार बंद आहे हे कळल्यावर, रूढ हिशेबाने त्याचे प्रेम संपायला हवे. संपत नाही. तो तिच्या प्रकरणात ओढला जातो, बदनामी सोसतो. या वागण्याला समीक्षक भिडस्तपणा म्हणतील, कोणी दबलेली वासना म्हणतील. वासनेचा अंश मी नाकारत नाही. पण इच्छा निष्फळ ठरल्यावरही जे टिकते ते इच्छेचेच उरलेसुरले रूप, असे का मानायचे? शीर्षकही दुहेरी आहे : सुमित्राचे ‘मित्रा’, आणि तोच मित्र. बापूपुढे मैत्री आणि प्रियकरपण असे दोनच खण आहेत. त्याची भावना दोन्हींत मावत नाही, आणि शेवटी त्याचा धीर सुटतो.

बापूवर आजची एखादी चिठ्ठी डकवावी असे मला म्हणायचे नाही. (मी विद्यापीठातला नाही, त्यामुळे चिठ्ठ्यांचा सोस मला बेताचाच.) भेद ध्यानात ठेवला तर वाचन बदलते, एवढेच.

नमाच्या बाबतीत मात्र तेंडुलकर कमी पडतात. ती मित्रा आणि दळवी यांच्यात हेलकावत राहते; कोणाकडे तिचे मन होते आणि कोणाकडे शरीर, हे नाटक तिला विचारतच नाही. ती आपल्याला दिसते ती बापूच्या नजरेतून, आणि तिच्याविषयी चांगले वाटायला बापूकडे काही कारण नव्हते.