मिरजेचा तंबोरा

आमच्या राजुरास गाणें ऐकावयाचें तें बहुधा यंत्रांतूनच. म्हणून एका शनिवारीं गानलुब्ध मित्रासह आम्ही मिरज गांठली. १९३७ सालीं निवर्तलेले खांसाहेब अब्दुल करीमखां तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यांत विसावले आहेत. तें दर्शन घडलें. पण मन रमलें तें सतारमेकरांच्या गल्लींत. येथील तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

भोपळा पोकळ, तारा चारच; परंतु कारागिरानें घोडीवर कानस फिरवून तारेखालीं सुताचा दोरा सरकविला, आणि खर्जाच्या तारेंतून गांधारहि स्पष्ट कानीं आला. यासच जवारी म्हणतात.

मित्र म्हणाले, "अहो, आतां विजेचा तंबोरा मिळतो, एवढा खटाटोप कशास?" रियाजास तो सोयीचा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांतून तोच नाद फिरून फिरून येतो. खांसाहेबांच्या ज्या सुरेलपणास आपण माना डोलावतों, तो असल्या खोक्याशेजारीं घडला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

दोष मात्र आमचाहि आहे. मैफलींचीं परीक्षणें लिहितांना आम्ही ताना मोजल्या, मींड वाखाणली. तंबोरे कसे लागले होते याविषयीं आजवर एक ओळहि लिहिली नाहीं. हें मित्रांस सांगावयास वळलों, तों ते कारागिराजवळ बसून दोरा सरकवावयास शिकत होते.